सात नंबरची बशी

“साखर जास्त झाली,” मी म्हणाले, आणि नातीचा काटा तोंडापर्यंत जाऊन तिथेच थांबला. एवढंच झालं. बाकी सगळं चालू होतं तसं चालू होतं. मागच्या टेबलावर कोणीतरी खिदळत होतं, स्वयंपाकघराच्या खिडकीतून तेल चरचरल्याचा आवाज येत होता, आणि इतका वेळ बाहेर फोनवर बोलत उभा असलेला माझा मुलगा नुकताच आत येऊन खुर्ची ओढत होता. पण जी बाई एकतीस वर्षं बंद खोलीत बसून स्वतःच्या आणि दुसऱ्यांच्या तोंडांकडे लक्ष देत आली, तिला थांबलेला काटा कळतो. नातीने माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या आईकडे. “आजी, ते तर—” ती म्हणाली, आणि सुनेने तिचं वाक्य सुरीने कापावं तसं कापलं. “हो ना, फारच गोड,” सून म्हणाली. “दात शिवशिवले माझे.” मुलगा बसला. बशीत त्याच्या वाटचा पाव भाग राहिला होता. वर पांढरा, चकचकीत, साखरेच्या पाकासारखा थर. त्याने हात पुढे केला तर सुनेने बशीच आपल्याकडे ओढून घेतली. “तुम्ही नका खाऊ हे. शुगर तपासायचीय ना परवा?” आणि तो तुकडा तिने स्वतःच्या तोंडात टाकला.

हे हॉटेल नातीने शोधलेलं. पूर्वी इथे टायरचं दुकान होतं, आणि मला विचाराल तर अजूनही आहे. मधे भोक असलेली गोल वस्तू, बाहेरून चकाकी, आत हवा. फरक एवढाच की तेव्हाचा माल काही हजार मैल तरी चालत असे. टेबलं गोल, आरसे गोल, दिवे गोल, आणि प्रत्येकाच्या मधे भोक. वाढायला येणाऱ्या बाईने आल्या आल्या विचारलं, “पहिल्यांदाच येताय का?” इस्पितळात नवीन पेशंटला विचारतात त्या स्वरात. मग तिने समजावून सांगितलं. इथे सगळं डोनटचंच. खारं, गोड, तिखट, मटणाचं, माशाचं, सगळं त्या एका भोकाभोवती. पण गंमत अशी (ती ‘गंमत’ म्हणाली, आणि तिचं हसू युनिफॉर्मबरोबर मिळालेलं होतं) की जे गोड दिसतं ते खारं असतं आणि जे खारं दिसतं ते गोड. उकडलेला बटाटा क्रीमसारखा पिळलेला, टोमॅटोचा लाल गोळा चेरीसारखा ठेवलेला, आणि खिम्याचा म्हणून जो पुढ्यात येतो तो म्हणे खजूर नि चॉकलेट. पदार्थांना नावं नाहीत, नुसते नंबर. बशीबरोबर एक कार्ड पालथं घालून देतात. भिंतीवर माणसाच्या उंचीची अक्षरं होती : आधी खा, मग ओळखा, मग उलटा. मोठी माणसं पदर-टाय सांभाळत, काट्यासुरीने डोनट कापत, डोळे मिटून ओळखत होती आणि कार्ड उलटून टाळ्या वाजवत होती. पदार्थाने सोंग घेऊन यावं आणि आपण फसलो म्हणून खूश व्हावं, ह्याला हल्ली बाहेर जेवायला जाणं म्हणतात. मला ती बाई सगळं सांगत असताना मी ऐकत नव्हते. खरं म्हणजे मी तिच्या पायांतले बूट बघत होते. एवढ्या तेलाच्या जागेत कापडी बूट. त्यामुळे ‘गोड दिसतं ते खारं’ हे माझ्या कानांवरून गेलं, आत शिरलं नाही. तसंही मला त्याची गरज वाटली नव्हती. मला कोण फसवणार होतं?

कारण बिस्किटांच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं चव-तपासनीस होते. हे सांगितलं की लोक हसतात. “म्हणजे दिवसभर बिस्किटं खायची? आणि वर पगार?” असं माझ्या सासऱ्यांनीच लग्न ठरताना विचारलं होतं. खायची नसतात, चावून थुंकायची असतात, हे मी त्यांना सांगितलं नाही, नाहीतर लग्न मोडलं असतं. भट्ट्यांच्या मागे आमची खोली होती. पांढऱ्या फरशा, खिडकी नाही, चार बायका, चार लोखंडी स्टुलं, आणि वर लाल बल्ब. लाल अशासाठी की त्या उजेडात भाजलेलं आणि करपलेलं एकसारखंच दिसतं. आमच्या मोठ्या बाई म्हणत, डोळ्याइतका लाचखाऊ दुसरा कोणी नाही, त्याला आधी अंधारात बसवा. वासाचा साबण बंद, पावडर बंद, डब्यात कांदा बंद. घरून रडून आलेलीने त्या दिवशी चव घ्यायची नाही, कारण रडल्यावर नाक चोंदतं. मग ती दिवसभर नुसत्या चिठ्ठ्या लावायची, आणि कोणाच्या घरी काय चाललंय हे सगळ्या कारखान्याला कळायचं. बशीवर नंबर. एक घास, कोमट पाणी, थुंकी, आणि चिठ्ठीवर एकच शब्द. जुनी. उग्र. कच्ची. फिकी. ठीक. ‘छान’ लिहायला बंदी होती. ‘छान ही चव नाही, छान हा नमस्कार आहे,’ हेही मोठ्या बाईंचंच. एकदा मी ‘धूर’ लिहिलं आणि एका अख्ख्या पाळीचा माल डुकरांना गेला. इंजिनिअर माझ्या अंगावर धावून आला होता. दुसऱ्या दिवशी तीन नंबरच्या भट्टीत जळका पट्टा सापडला, आणि त्यानंतर मी समोरून गेले की तो माणूस उठून उभा राहायचा. अजून आठवलं की पाठ ताठ होते. आमच्यात एक बुटकी होती. तिला सर्दी झाली आणि ती हटेना, तर ती माझ्या चिठ्ठीकडे चोरून बघून तोच शब्द उतरवू लागली. तीन आठवडे. मला कळलं होतं. एक दिवस मी ताज्या मालावर मुद्दाम ‘जुनी’ लिहिलं, तिने ‘जुनी’ उतरवलं, आणि मी दोन्ही चिठ्ठ्या मोठ्या बाईंच्या हातात दिल्या. बुटकी संध्याकाळच्या आत पॅकिंगला गेली. जाताना ती म्हणाली, “सांगायचं तरी होतंस गं मला आधी.” मी म्हटलं, “तू सांगितलं होतंस का?” त्या रात्री मला छान झोप लागली होती. हो, छान. झोपेला हा शब्द चालतो.

आणि आता आठ महिने झाले, माझ्या तोंडात काही नाही. ताप आला, चार दिवसांनी गेला, आणि जाताना घर धुऊन घेऊन गेला. पहिल्यांदा चहा बिघडला. मी दुकान बदललं, मग दुसरं बदललं, तिसऱ्या दुकानदाराशी भांडले की तुम्ही भुसा विकता. मग दूध बिघडलं, ब्रेड बिघडला, साबणाचा वास गेला, आणि जगाने हलका माल काढायला घेतला असं मी सगळ्यांना सांगत सुटले. एकदा आंघोळीनंतर साबणाची वडी नाकाला लावून मी न्हाणीघरात किती वेळ उभी होते कोण जाणे. मग बाहेर आले, मिठाचा चमचा जिभेवर ठेवला. वाळू. साखर ठेवली. वाळूच, जरा बारीक. लिंबू पिळलं तर आंबटपणा दातांना कळला, जिभेला नाही. डॉक्टरकडे गेले नाही. गेले असते तर त्याने मुलाला फोन केला असता. आणि मुलगा गेली दोन वर्षं निमित्तच शोधतो आहे. “आई, आता एकटी राहू नकोस,” हे वाक्य तो टूथब्रश कुठे आहे विचारावं इतक्या सहज बोलतो. माझं घर दुसऱ्या मजल्यावर आहे, दोन खोल्या आणि एक गॅलरी, जिच्यात एक खुर्ची बसते, दुसरी बसत नाही. नवरा गेल्यावर त्या घरात मी पहिल्यांदा एकटी राहिले, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, आणि मला कोणी विचारलं नाही म्हणून मी कोणाला सांगितलं नाही की मला ते किती आवडलं. भिंतीवर खिळा ठोकायचा तर मी ठोकते. दुपारी तीनला जेवावंसं वाटलं तर तीनला जेवते. गॅलरीतून खाली शिलाईवाल्याचं छप्पर दिसतं, त्यावर मांजर झोपतं. हे सगळं एका वासावर लटकलेलं होतं. कारण दोन महिन्यांपूर्वी दूध उतू जाऊन गॅस विझला आणि मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसले. शिलाईवाल्याने दार बडवलं. “आजी, गॅस! अहो, जिन्यापर्यंत वास येतोय!” “बंदच करत होते,” मी म्हणाले. त्याने ते मुलाच्या कानांवर घातलं. मुलाने फोनवर विचारलं, “तुला वास कसा नाही आला?” मी म्हटलं, न्हाणीघरात होते. तेव्हापासून तो भेटला की सहज म्हणून काहीतरी माझ्यासमोर धरतो. हे फूल बघ. हे अत्तर बघ. मी नाक मुरडते आणि म्हणते, स्वस्तातलं आहे. आजवर एकदाही चुकले नाही, कारण तो खरोखरच स्वस्तातलं आणतो.

तर मी ह्या आठ महिन्यांत काय केलं, तर तिरस्कार केला. त्याच्यासारखी ओढून घ्यायला सोयीची चादर नाही. बिस्कीट मोडल्याचा आवाज ऐकायचा आणि म्हणायचं, सादळलंय. दोन बोटांत साखर चोळायची आणि म्हणायचं, भरड आहे. रंग बघायचा आणि म्हणायचं, भट्टी घाईत होती. लोक माना डोलावतात. माझ्या तोंडून वाईट शेरा आला की सगळ्यांना वाटतं म्हातारी शाबूत आहे. आज पांढरा, चकचकीत थर दिसला, मी म्हटलं साखर जास्त. डोळ्याने सांगितलं ते मी सांगितलं. लाल बल्ब नव्हता ना इथे.

सुनेने तो पाव भाग तोंडात टाकला तेव्हा तिने टेबलाची कड घट्ट धरलेली मला दिसली. ती चावत नव्हती, गिळत होती. एक घास, पाणी. दुसरा घास, पाणी. डोळ्यांच्या कडा लाल. मग तिने तिच्या वाटचा भागही संपवला, जो तिने आत्तापर्यंत बशीच्या कडेला सारून ठेवलेला होता, आणि पुन्हा पाणी. मग मला कळलं, चवीने नाही, तिच्या गळ्याकडे बघून : ते चीज होतं. पिकवलेलं, वासट, कदाचित आत मासा. आणि नातीच्या वेळी दिवस राहिल्यापासून सुनेला चीज सोसत नाही. तेव्हा तीन महिने ती फ्रिज उघडायची तो नाकाला रुमाल लावून, आणि पुढेही कधी चीज घरात येऊ दिलं नाही तिने. मी म्हटलं होतं, नखरे आहेत. “काय निघालं बघू तरी,” म्हणत मुलाने पालथ्या कार्डाकडे हात नेला. सुनेने ते कार्ड उचललं आणि पर्समध्ये टाकलं. “आठवण म्हणून ठेवते,” ती म्हणाली. “आठवण? डोनटची?” “का? तुम्ही पार्किंगच्या पावत्या ठेवता, मी काही बोलते का?” मुलगा हसला. त्याला हसवलं की तो विसरतो, हे माझ्या नवऱ्याचं त्याच्यात उतरलंय. नात मात्र बशीवरचा नंबर बघत होती. सात. तिने तो बोटाने पुसल्यासारखा केला.

मला जे झालं त्याला भीती म्हणावं तर तसं नव्हतं. भीती मला माहीत होती, आठ महिने ती माझ्या घरात दुसऱ्या खुर्चीसारखी अडचण करून बसली होती. हे वेगळं होतं. मला ह्या बाईने झाकलं होतं. जिच्या हातचं पहिलं जेवण मी एका शब्दात संपवलं होतं. एकवीस वर्षांपूर्वी, नवीन घरात, सकाळपासून खपून तिने सगळ्यांसाठी केलं होतं, आणि सगळे गप्प बसून माझ्याकडे बघत होते, कारण आमच्या घरी मी चव घेतल्याशिवाय कोणी घास उचलत नसे. माझा नवरा तर चाळीस वर्षं माझ्या तोंडाकडे बघून गिळायचा. मी पहिला घास घेतला आणि म्हणाले, “फिकं.” मी काही दुष्टपणाने नाही म्हटलं. फिकं होतं, म्हणून फिकं म्हटलं. सगळ्यांनी मिठाची बरणी फिरवली आणि जेवले. तिने त्या दिवशी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. त्यानंतर तिने मला कधी चव विचारली नाही, आणि माझ्या हातचं जे खाल्लं त्याला म्हणाली, छान. सूप छान, ब्रेड छान, करपलेलं छान, उरलेलं छान. दर रविवारी माझ्याकडे येते, हातात पिशवी घेऊन, आणि छान म्हणून जाते. मी तिला मनात छानबाई म्हणते. छानबाई आयतं वाटण विकत आणते, छानबाई सूप पाकिटातलं करते, छानबाईला चीज सोसत नाही. आणि छानबाईने आत्ता माझ्यासाठी ते दोन तुकडे गिळले होते.

“मी जरा हात धुऊन येते,” ती म्हणाली आणि उठली. भराभर गेली. मी म्हटलं, “मीही येते,” आणि गुडघ्यावर हात ठेवून उठले. तिथेही आरसा गोल, त्याच्या मधे भोक. स्वतःचं तोंड बघायला गेलं तर नाकाच्या जागी भिंत दिसत होती. आतल्या दाराआडून ओकारीचा आवाज आला, मग पाण्याचा. मी बेसिनपाशी उभी राहिले. ती बाहेर आली, चूळ भरली, तोंड पुसलं, आणि आरशातून माझ्याकडे बघितलं.

“कधीपासून?” मी विचारलं.

“काय कधीपासून?”

“वेड पांघरू नकोस. कधीपासून माहीत आहे तुला?”

तिने कागदी रुमालाची नीट घडी घातली. “हिवाळ्यापासून. तुम्ही सूप केलं होतंत, त्यात दोनदा मीठ पडलं होतं. तुम्ही भरलेली वाटी संपवलीत आणि आम्हाला म्हणालात, हल्लीच्या भाज्यांना दम नाही.”

“आणि तू छान म्हणालीस.”

“मी नेहमीच छान म्हणते. ह्यांच्या वाटीत गरम पाणी ओतलं. ह्यांना काय कळतंय.”

मला हसू आलं असतं. माझ्या मुलाला खरंच काही कळत नाही. चव-तपासनिसाच्या पोटी दगड जन्माला आला असं मी स्वतःच म्हणत असे. पण मी हसले नाही. म्हणाले, “माझ्यावर दया करायची काही गरज नाही.”

“दया?” ती वळली. एकवीस वर्षांत मी तिचा हा आवाज ऐकला नव्हता. त्यात जोर होता आणि त्याला घाई नव्हती. “आई, तुम्ही आमच्याकडे राहायला आलात तर माझी रोज तीनदा परीक्षा. दर रविवारी देतेय, तेवढी पुरे नाही का? मी तुमच्यासाठी नाही केलं. मला माझं स्वयंपाकघर हवंय.”

हे मला आवडलं. हे मला समजत होतं. मी म्हणाले, “मग गॅसने मी उडाले असते म्हणजे तुझं कामच झालं असतं.”

“काहीतरी बोलू नका. मी शिलाईवाल्यांना सांगून ठेवलंय. गॅस विझला होता ना, त्याच्याही आधीपासून. सकाळ-संध्याकाळ येऊन तुमच्या दाराशी वास घेतात. ते गावाला गेले की त्यांची बायको येते. ह्यांना नका सांगू म्हटलं होतं, तर घाबरून नेमकं सांगून बसले. आणि फ्रिजमधलं नासलेलं मी रविवारी पिशवीत घालून नेते.”

“तू ते... मला वाटायचं, माझे डबे नेतेस.”

“माहीत आहे मला काय वाटायचं. तुम्ही ते शेजारी बोलूनही दाखवलंत.”

बाहेर कोणीतरी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मी बेसिनची कड धरली. ती गार होती, ओली होती, एवढं कळत होतं. शिलाईवाला. गळ्यात टेप टाकून रोज संध्याकाळी जिन्यात घुटमळणारा, “काय आजी, बरं आहे ना?” म्हणणारा तो लोचट माणूस. त्याला मी एकदा म्हटलं होतं, तुमच्या घरी स्वयंपाक होत नाही का, दुसऱ्याच्या दाराशी हुंगत असता? तो हसला होता. कान लाल झाले होते त्याचे, पण हसला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. मी दाराला आतून कडी घालून गॅलरीत बसायचे आणि स्वतःला सांगायचे, बघ, ह्या वयात कोणाच्या मिंधेपणात नाही. दार माझं, कडी माझी, खुर्ची माझी. आणि दाराबाहेर माझं नाक दुसऱ्याच्या तोंडावर बसून माझ्यासाठी श्वास घेत होतं. आठ महिने मी दुसऱ्यांच्या चिठ्ठीतून शब्द उतरवत होते आणि मला वाटत होतं, मी परीक्षा देतेय. बुटकीला निदान माहीत तरी होतं की ती चोरतेय. मला ह्या सगळ्यांचा राग यायला हवा होता, आणि तो आलाही, पण आल्या आल्या त्याला बसायला जागा मिळेना. सुनेकडे बघितलं तर तिच्या ब्लाउजवर पाणी सांडलं होतं आणि ती ते रुमालाने टिपत होती. आयुष्यभर मी ज्यांना फिकं, कच्चं, उग्र म्हणत आले, त्यांनी मिळून माझं घर उभं धरलं होतं, कोणी खांद्याने, कोणी नाकाने, आणि कोणी एक शब्द बोललं नव्हतं. ह्याचा मला इतका तिटकारा आला की मी सरळ बाहेर चालू लागले.

“आई, काही बोलू नका हं तिथे,” ती मागून म्हणाली. “उगाच नको. चाललंय ते चालू द्या.”

टेबलावर नवीन बशी आली होती. नंबर अकरा. ह्यावर तपकिरी रस्सा दिसत होता आणि वर हिरवं काहीतरी भुरभुरलेलं. मुलाने चार भाग करून ठेवले होते, सगळ्यात मोठा माझ्या बाजूला. तो लहानपणीही असाच करायचा, आणि मी तेव्हाही म्हणायचे की तुझे भाग कधी सारखे होत नाहीत. “ये आई, तुझीच वाट बघतोय,” तो म्हणाला. “मी कार्ड बघितलं नाही हं. बघू, ओळखतेस का.” नात खाली बघत होती. सून येऊन बसली आणि तिने टेबलाखाली माझ्या पावलावर पाऊल ठेवलं. दाबलं नाही, नुसतं ठेवलं.

“मला चव लागत नाही,” मी म्हणाले. “वास पण येत नाही. आठ महिने झाले. गॅस विझला तेव्हा मी न्हाणीघरात नव्हते, शेजारच्या खोलीत पेपर वाचत होते. मघाचा तो पांढरा डोनट मी गोड म्हटला, तो चीजचा होता. हिने तुला कळू नये म्हणून दोन तुकडे खाल्ले आणि आत जाऊन ओकली.”

हे सगळं मी एका दमात आणि बऱ्यापैकी मोठ्याने म्हटलं असावं, कारण शेजारच्या टेबलावरच्या बाईने कार्ड उलटता उलटता हात आवरला. मुलाचं तोंड आधी मोठं झालं, मग लहान झालं. तो बायकोकडे बघून म्हणाला, “तुला माहीत होतं?” आणि तिने मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. तिचा चेहरा संतापलेला होता. साहजिक आहे. इतक्या कष्टाने मारलेली थाप मी दहा मिनिटांत फुकट घालवली होती. मग मुलगा सुरू झाला. उद्या कान-नाक-घशाचा डॉक्टर, परवा मेंदूचा, आजच्या आज घरी जाऊन बॅग, सिलिंडर बंद, चावी शिलाईवाल्याकडे. त्याच्या आवाजात काळजी होती, आणि तिच्या खाली, त्याला स्वतःलाही न कळेल अशी, सुटका. निमित्त मिळालं होतं. नातीने माझा हात धरला. तिचा हात सॉसने चिकट होता. “आजी, म्हणजे तुला माझा केक पण...?” तिने माझ्या वाढदिवसाला केक केला होता, आणि मी म्हटलं होतं, बेकिंग पावडर जास्त. “त्यात नव्हती का जास्त?” मी विचारलं. “होती,” ती रडत रडत म्हणाली.

“बास,” सून म्हणाली. ती माझ्याकडे वळली. “खिडकीकडची खोली देऊ तुम्हाला. ह्यांची कपाटं दुसरीकडे जातील.” “माझी कपाटं?” मुलगा म्हणाला, कोणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. “सकाळी साडेसहाला न्हाणीघर मला लागतं. आणि आमच्याकडे जेवणाबद्दल बोलायचं नाही. बरं नाही, वाईट नाही. काहीच नाही. आता बोलायला काही आधारही नाही म्हणा.”

हे तिने माझ्या तोंडावर सांगितलं, आणि मी बघत राहिले. दुसऱ्या मजल्यावरची गॅलरी, खालचं छप्पर, त्यावरचं मांजर, हे सगळं माझ्यापासून सुटून चाललं होतं, आणि मी ते स्वतःच्या हाताने सोडलं होतं, छानबाईच्या उपकारात राहायला नको म्हणून. आणि आता जन्मभर छानबाईच्याच हातचं जेवायचं होतं. एवढा ढोबळ हिशेब मला बेसिनपाशी का दिसला नाही, कोण जाणे. मी समोरचा भाग उचलला आणि तोंडात घातला. कडा कुरकुरीत होत्या. आत मऊ, गरम. मग आणखी गरम. काय होतं ते मला माहीत नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, सवयीने, आणि मी चावून, गिळून, रुमालाने तोंड पुसलं. एक शब्द बोलले नाही. इतकं अवघड मी बऱ्याच वर्षांत काही केलं नव्हतं.

सून माझ्याकडे बघत होती. “कांदा चिरताना डोळ्यांतून पाणी येतं का अजून?” तिने विचारलं.

“येतं.”

“मग ते काम तुमचं.”

“सुरी कशी आहे तुझ्याकडे?”

“आहे एक,” ती म्हणाली. “बोथट आहे.”

“वाटलंच मला,” मी म्हणाले.